आवाज माणसाचा होईपर्यंत

निनाद दातार या मुलाने मला वाचवलं, हे आधी लिहून ठेवतो. कशातून वाचवलं ते सांगायला थोडा धीर लागेल, कारण त्यात माझी अक्कल पुरती उघडी पडते.

नववीत माझी शाळा सुटली. (मी शाळा सोडली की शाळेने मला, यावर घरात अजून एकमत नाही.) आमचं गाव सटाण्याच्याही पलीकडे. तिथून ताईने मला नाशिकला बोलावून घेतलं. दाजींचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, रविवार कारंज्याजवळच्या एका बोळात रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. वर दोन खोल्या. त्यांत ताई, दाजी, दाजींची आई आणि आता मी. पहिल्याच दिवशी जेवताना दाजी म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. हात बसला तर ऱ्हाय. नाय बसला तर सटाण्याची गाडी." ते रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. भाकरी मोडता मोडता बोलले, त्यामुळे माझी झोप उडाली. परत जाणं म्हणजे आईसमोर उभं राहून सांगणं, की शाळेत झालो तसा इथेही नापास झालो.

दाजींची शिकवण अशी की बिघाड कानाने शोधायचा. खरखर आली तर फीत जिथे घासते ते हेड घाण. घरघर आली तर स्पीकर फाटलेला. आवाज जाड आणि रडका आला तर मोटर मंद. टेपच्या मोटरला मागे एक बारीक भोक असतं, आत इवलासा स्क्रू. तो फिरवला की वेग कमी-जास्त होतो. वेग जुळवायला दुकानाची एक ठरलेली भजनाची कॅसेट होती. ती कुठल्या वेगाने वाजली पाहिजे हे दाजींना झोपेतही कळलं असतं. वेग जमला की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकायचा. म्हणजे तो हलत नाही, आणि नंतर कोणी बोट घातलं तर पकडला जातो.

ही शेवटची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. मी ठेवली नव्हती.

गंगापूर रोडच्या बंगल्यातल्या दातार काकू दाजींच्या जुन्या गिऱ्हाईक. भजनी मंडळाच्या मुख्य गायिका, आवाज खडीसाखरेसारखा. त्यांचा डबल कॅसेटचा डेक दुकानात आला, कारण तो कॅसेट खात होता. दाजी त्या दिवशी इगतपुरीला एका शाळेचा लाउडस्पीकर बघायला निघाले होते. जाताना म्हणाले, "आज हे तू एकट्यानं कर." आयुष्यात प्रथमच कोणीतरी मला एकट्याने काही करायला सांगत होतं. माझी छाती इतकी भरून आली की सोल्डरिंग गन उलटी धरली.

मी रबर पुसलं, पट्टा बदलला आणि दुकानाची भजनाची कॅसेट लावली. डेकने ती खाल्ली. नुसती अडकवली नाही. शेवया वळाव्यात तशी फीत बाहेर आली. मी ती कॅसेट गिऱ्हाइकांच्या जुन्या, मेलेल्या रेडिओंच्या ढिगाखाली पुरली. पुन्हा सगळं उघडलं, दुसरा रोलर बसवला. डेकने कॅसेट खाणं बंद केलं. आता वेग तपासायचा, पण कशावर? डेकच्या दुसऱ्या कप्प्यात गिऱ्हाइकाचीच एक कॅसेट राहिली होती. काळी, वर झाडाची मुळं किंवा आतडी, नीट कळेना असं चित्र. मी ती लावली.

आधी बराच वेळ काहीच नाही. मग पाणी ठिबकल्यासारखा आवाज, आणि मागे कोणीतरी लोखंडी पिंप फरशीवरून ओढत नेतंय. एकच तार वाजत राहिली, जरा बेसूर, जणू वाजवणाऱ्याला कोणीतरी मागून बघतंय. मग सगळं थांबलं. बाहेर रिक्षांचे हॉर्न चालू होते, दुपारचा एक वाजला होता, तरी मी मान वळवून मागे पाहिलं. आणि तेवढ्यात सगळी वाद्यं एकदम अंगावर कोसळली, आणि त्यांच्या खालून, विहिरीच्या तळातून कोणी बोलावं तसा एक आवाज आला.

तो आवाज माणसाचा नव्हता. मी घाबरलो, हे कबूल करतो. पण घाबरलेल्या कारागिराकडे एक सोय असते. भीतीला तो बिघाड म्हणू शकतो. आवाज जाड आहे. रडका आहे. म्हणजे मोटर मंद!

मला इतकं हायसं वाटलं की मी गाणंच म्हणायला लागलो. स्क्रू थोडा फिरवला. विहिरीतला माणूस दोन पायऱ्या वर आला. आणखी फिरवला. ढोलवाला पत्र्यावर गारा पडाव्यात तसा सुटला होता (मी म्हटलं, त्याला घरी जायची घाई असेल), पण गाणारा अजून रेड्यासारखाच. मी फिरवत राहिलो. स्क्रू शेवटाला टेकला तेव्हा कुठे तो आवाज सर्दी झालेल्या माणसासारखा वाटायला लागला. माणसासारखा तरी! दुकानातली नेलपॉलिश संपली होती म्हणून ताईची गुलाबी आणली, एक ठसठशीत थेंब टाकला आणि झाकण बंद केलं.

दाजींनी संध्याकाळी डेकमध्ये एक कोरी कॅसेट घालून ती खाल्ली जात नाही एवढं पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. ती थाप मी पुढचे पंधरा दिवस पाठीवर घेऊन फिरलो.

त्या पंधरा दिवसांत ताईचं डोहाळजेवण ठरलं. दातार काकूंनी गायला येते म्हटलं होतं, पण त्यांच्या मंडळाचा त्याच दुपारी दुसरा कार्यक्रम निघाला. तेव्हा त्यांनी घरच्या डेकवर, गच्चीवरच्या खोलीत बसून, डोहाळ्यांची गाणी स्वतःच्या आवाजात भरली आणि कॅसेट पाठवून दिली. ओटी भरताना लावा, म्हणाल्या, तोवर मी पोचतेच.

आता जाणकारांना पुढचं दिसलं असेल. जो डेक घाईत पळतो त्याच्यावर भरलेली गाणी त्याच डेकवर गोड वाजतात. दुसऱ्या कुठल्याही शहाण्या टेपवर ती मंद होतात. म्हणजे काकूंच्या घरी राक्षसाचा माणूस झाला होता, आणि आता आमच्या घरी काकूंचा राक्षस होणार होता.

ताई हिरव्या साडीत, फुलं लावलेल्या झोपाळ्यावर. पंचवीस-तीस बायका दाटीने बसलेल्या. दाजींनी हौसेने दुकानातले सगळ्यात मोठे दोन स्पीकर वर आणून ठेवलेले. पहिली ओटी भरायला ताईच्या सासूबाई पुढे झाल्या आणि दाजींनी बटण दाबलं.

पेटी आधी विव्हळली. मग त्या दोन स्पीकरांमधून एक भलामोठा, दुःखी पुरुष हळूहळू म्हणू लागला की त्याला पहिल्या महिन्यात चिंचा खाव्याशा वाटतात.

कोणी हललं नाही. दाजींना वाटलं, विजेचा दाब कमी आहे. म्हणून त्यांनी आवाज वाढवला. दुसऱ्या महिन्यात त्या पुरुषाला कैऱ्या हव्या होत्या. एका बाईचं लहान मूल रडायला लागलं. सासूबाईंचा नेम असा, की ओटी भरताना गाणं मधे तोडायचं नाही, अपशकुन होतो. त्यांनी डोळे मिटून, ओठ घट्ट करून, युद्धाला उभ्या राहिल्यासारखी ओटी भरायला घेतली. नंतर ताई म्हणाली, पाचव्या महिन्याच्या कडव्याला बाळाने आतून अशी लाथ मारली की तशी नंतर कधी मारली नाही. मी पेढ्यांचं ताट धरून भिंतीला चिकटलो होतो. तो विहिरीतला माणूस माझा पत्ता शोधत आला होता.

नेमक्या तेव्हा दातार काकू दारात आल्या. मागे त्यांना स्कूटरवर घेऊन आलेला मुलगा, निनाद. इंजिनिअरिंगला होता, खांद्यापर्यंत केस आणि डोहाळजेवणाला काळा शर्ट.

काकूंनी जरा वेळ ऐकलं, मग दाजींना आडनावाने हाक मारली. "खैरनार, हे कोण गातंय?"

सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "तुम्हीच की."

ओटी संपली आणि दाजींनी टेप बंद केला. त्या शांततेत त्यांना कळलं, कानाने. "वेग," ते म्हणाले. "काकू, तुमच्या डेकचा स्क्रू कोणीतरी फिरवलाय." ते माझ्याकडे बघत नव्हते. पण आता बघणार, हे मला दिसत होतं. काकूंचे डोळे भरले होते, बायका एकमेकींकडे बघत होत्या, ताईने पदर मुठीत धरला होता. मी तोंड उघडलं. त्या दिवशी घरात काकूंनाही जाड आवाज फुटला होता. माझा मात्र निघेना. डोळ्यांपुढे सटाण्याची गाडी, खिडकीजवळची सीट.

"मी फिरवला, काका," निनाद म्हणाला.

"तू?" काकू वळल्या.

"माझ्या कॅसेटसाठी. नंतर पहिल्यासारखा करायचा विसरलो."

 घरी गेल्यावर काकूंनी गच्चीवरच्या खोलीला कुलूप लावलं. तिथे तो आणि त्याचे तीन मित्र वाजवायचे. किल्ली दोन महिने काकूंच्या पर्समध्ये होती.

दुसऱ्या दिवशी निनादच डेक घेऊन दुकानात आला. दाजींनी झाकण उघडलं, बॅटरी मारली, बराच वेळ आत पाहिलं. मग थिनरच्या बोळ्याने स्क्रूवरचा थेंब पुसला, नवी कॅसेट लावून वेग जुळवला आणि झाकण लावलं.  मी डेक स्कूटरपर्यंत नेऊन दिला.

"तू का सांगितलंस तसं?" मी विचारलं.

"तुझं तोंड बघितलं. मी घरी फार तर बोलणी खाणार होतो. तुझं जास्त काहीतरी जाणार होतं, असं वाटलं."

मी त्याला स्क्रूची खरी गोष्ट सांगितली, विहिरीतल्या माणसासकट. तो इतका हसला की स्कूटर पडता पडता राहिली. मग म्हणाला, तो आवाज तसाच असतो. याला डेथ मेटल म्हणतात, अंगावर येणारं पाश्चात्त्य संगीत, आणि त्या कॅसेटवरचा बँड त्यातही वेगळे प्रयोग करतो. मी विचारलं, ऐकताना भीती नाही वाटत?

"वाटते ना. दिवसभर वाटतच असते, परीक्षेची, बाबांची. इथे निदान ती उघड असते." आणि भर बोळात, शहाण्यासारख्या चेहऱ्याने, त्याने तो आवाज स्वतःच्या गळ्यातून काढून दाखवला. समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक पिशवी टाकून उठलं. माझा हात आपोआप खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे गेला.

परत आलो तर दाजी काउंटरवर ताईची नेलपॉलिशची बाटली ठेवून बसले होते.

"त्या पोराने लावली असती तर काळी लावली असती," ते म्हणाले.

 ते उठले, रेडिओंच्या ढिगाखाली हात घालून भजनाच्या कॅसेटची शेवई बाहेर काढली आणि माझ्यासमोर टाकली. "हे गुंडाळ. पेन्सिलनं, हळू. बंगल्यातला पोरगा तुझ्यापायी खोटं बोलला. आता दिवाळीला तुला घालवलं तर त्याचं खोटं वाया जायचं."

मी दिवाळीला तिथेच होतो, आणि नंतरच्या सात दिवाळ्यांनाही. आता मस्कतला एअर कंडिशनर दुरुस्त करतो. इथे गच्च्यांवर जुने कंप्रेसर रात्रंदिवस घरघरत असतात. एखादा विहिरीच्या तळातून बोलायला लागला की आधी निनाद आठवतो, मग बेअरिंग तपासतो.

त्याचं ऋण मला फेडायचं आहे. नाशिकला परत गेलो की त्याच्याकडे जाणार, त्याच्या बँडचं जे काही भरलेलं असेल ते लावायला सांगणार आणि दोन्ही बाजू, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आहे त्या वेगात ऐकणार. मधे उठणार नाही. घाबरलो तर नुसता घाबरेन.

स्क्रू-ड्रायव्हर तेवढा आधी काकूंकडे जमा करीन. पर्समध्ये, किल्ली होती त्या कप्प्यात.