सोंड तुटलेला स्पून वर्म

गिरणीतली नोकरी सुटल्यावर बाबा काळाचौकीतच वॉचमन झाले. मग छातीने तेही सोडायला लावलं. आई परळच्या बाजारात बसून गिऱ्हाइकांची मासळी साफ करून द्यायची. बोटांना पडलेल्या चिरा पाण्यामुळे भरतच नसत. दहा बाय बाराच्या खोलीत बाबांचा खोकला आणि माझा अभ्यास. बी.एस्सी. झाले तेव्हा शेजारी म्हणाले, "पुरे झालं, नोकरी बघ." मी एम.एस्सी.ला गेले.

प्रबंधासाठी शिवडीच्या चिखलात गुडघाभर उतरून मला स्पून वर्म मिळाला. एकच. बोटाएवढं पिशवीसारखं अंग आणि पुढे चमच्यासारखी पसरट सोंड. ह्या सोंडेनेच तो चिखलावरचं अन्न ओढून घेतो. त्याला आधी पाण्यात मेंथॉल घालून तासन्‌तास गुंगवायचं आणि मगच फॉर्मलिनमध्ये टाकायचं, हा नियम. त्या दिवशी बाबांना धाप लागली, इस्पितळात न्यायचं होतं. मी जिवंतच टाकला. तो आकसला आणि सोंड गळून पडली, पण घाईत मी ते पाहिलंच नाही. दोन दिवसांनी पाहिलं तर बरणीत काहीतरी चोथा दिसला. मला वाटलं शेवाळ. तेवढं मोरीत ओतून दिलं; ती सोंडच होती, हे मागाहून कळलं.

बाबा घरी परत आले नाहीत.

दिवसकार्य उरकून कॉलेजात गेले. प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी बरणी उजेडात धरली.

"ह्याचा चमचा कुठाय बाई? हा तर पीनट वर्म, बिनचमच्याचा दुसराच किडा. विषय बदल, पुढच्या वर्षी बस."

"सोंड माझ्या हातून गेली सर. पण हा स्पून वर्मच आहे."

"मग कापून दाखव. आठवडा देतो."

पुढचं वर्ष आम्हाला परवडणारं नव्हतं. आणि एक काप चुकला की संपलं. आईला सांगितलं, तर ती सुरी न थांबवता म्हणाली, "पोटाकडसून फाडू नको गो. खारवूचो बांगडो आमी पाठीसून फाडतव. आतला सगळा जागच्या जागी दिसता."

पाठीकडून कापला. तोंडामागे पोटाच्या बाजूला हुकासारखे दोन सोनेरी आकडे, आतून स्नायूंनी धरलेले. चिखलाने भरलेलं आतडं वेटोळी घेत पार मागच्या टोकाला गेलेलं, आणि तिथे गुदद्वाराशी दोन पातळ पिशव्या. पीनट वर्मला पोटाकडे अशी आकड्यांची जोडी नसते, आणि त्याचं आतडं उलट वळून पुढे पाठीवर उघडतं.

सर सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघत राहिले. "अंगावर एक वलय नाही. मग गांडुळासारख्या वलयी प्राण्यांत कसा घातलास?"

"जुन्या पुस्तकांत ह्यांचा वेगळा संघ होता सर. डीएनए तपासल्यावर वलयींतच बसला. वलयं नंतर गेली, कूळ तेच."

"हं. लिही तसंच."

तोंडी परीक्षेत तेच सगळं पुन्हा सांगितलं. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले, पहिल्या वर्गात.