गावाच्या माळावर आमची इर्जिक

आमच्या गावच्या माळावर आज औषधाला एक झाड नाही. नवा पाहुणा आला आणि त्यानं का म्हणून विचारलं, की लोक आमच्या घराकडं हात करतात. "हवालदारानं माळ गिळायला बघितला, तवापासनं तिकडं कोण झाड लावत न्हाई." हवालदार म्हणजे आमचे मालक. माळ गिळायला बघितला म्हणे! जळ्ळं मेलं ते तोंड. त्या माळावर राबलेल्या माणसांना भाकरी मी थापून घातलेली आहे, तेव्हा खरं काय झालं ते मलाच सांगू दे.

उंब्रजच्या बाजाराला चालत जाऊन यावं इतक्या अंतरावर आमचं गाव. एका अंगाला नदी आणि उसाची काळी रानं, दुसऱ्या अंगाला हा माळ. सरकारी गायरान, म्हणजे सगळ्यांचं. माझं माहेर सांगलीचं, पेठेतलं. दारात हळदीची पोती आणि गाड्यांची गर्दी, पाय पसरायला जागा नाही. लग्न होऊन इथं आले तेव्हा सासर काही मला लगेच आवडलं नाही, पण माळ आवडला. मोठमोठे लिंब, चिंचा, दोन वड. पोरं तिथं हुतूतू खेळायची, सुगी झाली की माणसं जेवण बांधून घेऊन जायची, आणि पंचमीला सगळ्या माहेरवाशिणी तिथं झोके बांधायच्या. झोका असा चढायचा, की टोकाला गेलं की नदी दिसायची.

मग लढाई आली. लाकडाला मागणी आली, ठेकेदार आला, माळावर कोळशाच्या भट्ट्या लागल्या. परवानगी कुणी दिली म्हणाल तर आजतागायत कुणाला माहीत नाही. झाडं मात्र गेली. चांगला माळ भादरल्यासारखा दिसायला लागला.

लढाई संपून मालक पलटणीतून घरी आले, त्याच वर्षी माझी नणंद लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला माहेरी आली. झोका बांधायला झाड कुठलं? शेवटी गोठ्याच्या आढ्याला दोर बांधला. ती बसली, एक हेलकावा घेतला, पाय शेणात घासले आणि तशीच उतरली. भावाला म्हणाली, "दादा, सासरी गेल्यावर काय सांगू? गोठ्यात झोका खेळले म्हणून?" आणि डोळ्याला पदर लावला. दुसऱ्या दिवशी मालक उठून माळावर गेले ते दुपारपर्यंत नुसते हिंडत होते. आले ते म्हणाले, "झाडं लावायची. सगळ्या गावानं मिळून."

सगळ्या गावानं! हा माणूस बारा गावचं पाणी प्यालेला, पण स्वतःच्या गावची माणसं त्याला कधी कळली नाहीत. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला त्यांनी दवंडी दिली, की सोमवारी सकाळी घरटी एकानं टिकाव-पाटी घेऊन माळावर यावं. आमच्याकडं सोमवारी बैल जुंपत नाहीत, त्यामुळं माणसंही मोकळी असतात. हे आपले कडक इस्तरीची खाकी घालून पहाटेपासून माळावर उभे. आलं कोण? देवळातला गुरव, आणि मुलाण्याची बायको. तीसुद्धा शेणी वेचायला आली होती, यांना एकटं बघून थांबली.

मालक घरी आले ते तळपायाची आग मस्तकात गेलेली. "पलटणीत फालिन म्हटलं की दोनशे माणूस उभं ऱ्हातंय. आन् हितं?"

मी म्हटलं, "आवं, ते तुमचे शिपाई हायत व्हय? पगार देताय का तुमी त्यांना?"

"मग गावाचं काम कोण करणार?"

तेच मी पाणवठ्यावर बायकांना विचारून बघितलं. एक म्हणाली, "गावाचं काम हाय न्हवं? मग गाव करंल की." आणि सगळ्या हसल्या. मीही हसले, खोटं कशाला सांगू. पण तिथंच मला सुचलं. आमच्याकडं कुणाचं शेतातलं काम अडलं, की तो इर्जिक घालतो. म्हणजे भावकीला, शेजारपाजाऱ्यांना हाक मारतो. माणसं आपापली औतं, अवजारं घेऊन येतात, दिवसभर राबतात, मजुरीचं नाव काढत नाहीत. ज्याचं काम, त्यानं सगळ्यांना पोटभर जेवायला घालायचं, एवढंच. इर्जिकीला नाही म्हणणारा माणूस मी आमच्या गावात बघितला नाही. मग मी मालकांना म्हटलं, माळाचीच इर्जिक घालू. गाव काही चूल पेटवत नाही, आपण पेटवू.

आता लोक म्हणतात, तिथंच चुकलं. मी नाही म्हणत. चांगलं काम चार माणसांना जेवायला घालून करून घेतलं, यात चूक कसली?

पुढच्या सोमवारी काय सांगू तुम्हाला! हलगी वाजवत आले. मुलाण्यानं बकरं कापून दिलं, मी आणि जावा पहाटेपासून भाकरी थापत होतो. माळावरचेच दगड गोळा करून पुरुषांनी चारी बाजूंनी कमरेएवढा गडगा रचला, गुरं-शेरडं आत शिरू नयेत म्हणून. नुसते दगडावर दगड, पण असा बसवला की हलता हलत नव्हता. मग खड्डे घेतले, रोपं लावली, वडाच्या फांद्या रोवल्या. असे ओळीनं कितीतरी सोमवार. मालक हुकूम सोडायला लागले की मी मागून खूण करायची, आणि ते आवाज खाली आणायचे. "जरा हात लावताय का आबा?" असं म्हणायला त्यांना मी शिकवलं. एक वेळ वाघ पाळला असता, पण हवालदाराला गोड बोलायला शिकवणं, अगं बया!

पावसाळा सरल्यावर पाण्याचा प्रश्न आला. ते काम बायकांचं, आणि बायकांना कामाला लावणं हे पुरुषांच्या दसपट अवघड. भांडलेल्या जावा एका पाळीत घालायच्या नाहीत. सासू आणि सून एका ओळीला नाही, कारण दोघी पाणी घालायच्या सोडून एकमेकींची घागर बघतात. हे सगळं मी डोक्यात ठेवून पाळ्या लावत होते. तरी चार दिवसांनी एकेक गळायला लागली. मग मी प्रत्येकीला एक झाड नेमून दिलं. म्हटलं, हे तुझ्या लेकीच्या झोक्याचं. हिचं लिंबाचं, तिचं चिंचेचं. मग बघा! ज्यांना घरच्या तुळशीला पाणी घालायला वेळ नव्हता त्या दोन-दोन खेपा करायला लागल्या. मुलाण्याच्या बायकोला लेक नव्हती. ती म्हणाली, "वयनी, मला कुणाचं बी द्या, ज्याला कोण न्हाई ते." आणि तिची पाळी कधी चुकली नाही.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर रोपं छातीला लागली. अजून दोन वर्षं गडगा टिकला असता, की झाडं शेरडांच्या तोंडाच्या वर गेली असती. मग राखणीची गरजच नव्हती. एवढंच हवं होतं आम्हाला. दोन वर्षं गडगा उभा राहायला हवा होता.

माळाला लागून ज्याचं रान आहे असा एक बांधकरी होता. इर्जिकीत सगळ्यांत जास्त रस्सा यानंच ओरपला होता. एक दिवस चावडीपुढं बसून तो सहज बोलल्यासारखा बोलला, "गड्यांनो, एक इचारू? ज्याची इर्जिक त्याचं रान. एकाच्या घरी जेवून दुसऱ्याचं रान कवा कुणी नांगरलंय का?"

आधी लोक हसले. पण बोलणं घराघरांतनं फिरलं. त्यात कुठूनशी बातमी आली होती, की लढाईवरनं आलेल्या शिपायांना सरकार जमिनी देणार. झालं! गडग्याला आत जायचं झापं आमच्या घराच्या बाजूला का? अहो, आमचं घर माळाच्या सगळ्यांत जवळ म्हणून! पण कोण ऐकतो. पाणवठ्यावर मी गेले की बोलणं बंद व्हायला लागलं. पाळीच्या बायका एकेक करून यायच्या थांबल्या. एकीला मी तोंडावर विचारलं तर म्हणाली, "तुमच्या रानाला आमी का पाणी वतायचं?" काल-परवापर्यंत तिथल्या चिंचेला ती लेकीच्या नावानं हाक मारत होती.

कुणीतरी अर्ज केला आणि चैत्रात तालुक्याचा साहेब चौकशीला आला. चावडी माणसांनी भरली. बायकांनी आत जायची रीत नव्हती, मी भिंतीला लागून बाहेर उभी राहिले. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं सरळ विचारलं, "गडगा कुणी घातला?"

"आमी सगळ्यांनी."

"मजुरी कुणी दिली?"

"मजुरी कसली साहेब, इर्जिक हुती."

"कुणाची?"

कुणी बोलेना. साहेब म्हणाला, "हे बघा, ही गावाची इर्जिक होती असं गावानं सांगितलं, तर मी गडगा गावाच्या नावानं ठेवतो. मग राखण गावानं करायची, जनावरं आत सोडायची नाहीत. आणि हवालदारांची होती म्हणाल, तर ते अतिक्रमण. पाडावं लागेल. बोला."

एक माणूस हवा होता. एकानं 'गावाची' म्हणायला हवं होतं. मालक सगळ्यांच्या तोंडाकडं एकेक करून बघत होते. त्यांना तसं बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. पण गावाची म्हटलं, की राखणीच्या पाळ्या आल्या, आपलीच शेरडं अडवणं आलं, शेजाऱ्याशी वाकडं आलं. शेवटी माझे चुलतसासरे उठले. भजनातला माणूस, गळ्यात माळ. म्हणाले, "खोटं कशाला बोलायचं साहेब. जेवलो ते हवालदाराच्या घरी. इर्जिक हवालदाराची."

आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

मग मला राहवलं नाही. डोक्यावरचा पदर ओढून मी सरळ चावडीत शिरले. "आवं, जेवताना काय म्हणून जेवलात? गावाचं काम म्हणूनच न्हवं? मी भाकरी वाढत हुती तवा एकानं तरी इचारलं का, की वयनी, रान कुणाचं?"

"सूनबाई," चुलतसासरे म्हणाले, "आमी कुटं लबाड बोललो? तुज्याच हातची भाकरी खाल्ली. देवाला स्मरून सांगतो."

मुडदा बशिवला त्या खरेपणाचा! एकही शब्द खोटा नव्हता, हेच तर माझ्या आजवर घशाखाली उतरलं नाही. लबाड बोलले असते तर भांडता आलं असतं. मालक उठले, साहेबाला सलाम ठोकला आणि म्हणाले, "पाडा."

पुढच्या सोमवारी दवंडी नव्हती, हलगी नव्हती, कुणाच्या दारात जाऊन कुणाला हात धरून आणावं लागलं नाही. सूर्य उगवायला सगळा गाव माळावर हजर. पहारी घेऊन आले, टिकाव घेऊन आले. आणि प्रत्येकाच्या काखेत फडक्यात बांधलेली स्वतःची भाकरी. गडग्याचे चांगले दगड बांधकऱ्यानं गाडी लावून आपल्या बांधाला नेले, त्यावर कुणी हूं की चूं केलं नाही. मुलाण्याची बायको तेवढी आली नाही.

ऊन रणरणत होतं. दुपारपर्यंत त्यांच्या कळश्या रिकाम्या झाल्या आणि चुलतसासरे आमच्या दारात आले. मालक सोप्यात माळाकडं पाठ करून बसले होते.

"सूनबाई, घागरभर पाणी दे गं. माणसं तानंली."

मालक मागं न बघता म्हणाले, "दे."

मी घागर उचलली, उंबऱ्यापर्यंत नेली आणि तिथंच थांबले. "देते की मामंजी. पर उद्या साहेबानं इचारलं, गडगा कुणी पाडला, तर काय सांगशीला? पाणी हवालदाराच्या घरचं प्यालो, म्हंजे पाडला बी हवालदारानंच?"

त्यांनी घागरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि आल्या पावली वळले. सगळी माणसं तशीच उन्हातनं नदीवर गेली, ओंजळीनं पाणी प्याली, आणि परत येऊन त्यांनी उरलेला गडगा पाडला.