कचेरीच्या आवारातली लेझीम

दुसऱ्या महायुद्धाच्या त्या वर्षांत शहापूर संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांकडं. मधे एक नाका, बस्स. आम्ही विणकर माणसं सूत आणायला, लुगडी पोचवायला दिवसातून कितीदा तरी तो ओलांडायचो. सरकार बदललं हे पायांना जाणवायचंसुद्धा नाही. जाणवायचं ते दसऱ्याच्या तोंडावर, पालखीचा परवाना काढताना.

आमच्या गल्लीतल्या देवीची पालखी दसऱ्याला बेळगावच्या खडेबाजारातून फिरून यायची. तिच्यापुढं आम्ही लेझीम खेळायचो. सगळे मागावरचे गडी. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि दिवेलागणीच्या आधी देवळापुढं उभं राहायचं. हलगी वाजली की आखडलेले गुडघे आपोआप सुटायचे. आम्हाला तयार केलं माझ्या थोरल्या चुलत्यांनी. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. वय झालं होतं, पण लेझीम हातात आली की त्यांची पाठ सरळ व्हायची.

त्या वर्षी बंदोबस्त कडक झाला. काठी नि लोखंड घेऊन रस्त्यावर जमायचं तर लेखी परवानगी हवी. मला चार अक्षरं येत होती, म्हणून अर्जाचं काम माझ्या गळ्यात पडलं. बेळगावच्या कचेरीतला कारकून म्हणाला, "तुमी संस्थानातले. तिकडची चिठ्ठी आणा आधी." संस्थानच्या कचेरीत गेलो तर, "नाक्यापलीकडं तुमी नाचा न्हायतर पळा, आमचा काय संबंध?" पुन्हा इकडं, पुन्हा तिकडं. गेलो की बाकावर बसून राहायचं. साहेब फिरतीवर, साहेब जेवायला, साहेब कामात. माझा माग बंद पडून राहायचा. बायको सुताच्या कांड्या भरून वाट बघायची. एकदा मी परतलो तेव्हा ती वर न बघताच म्हणाली, "पालखी देवीची, आन् झिजायचं तुमी."

शेवटी संस्थानची चिठ्ठी मिळाली. ती घेऊन गेलो तर बेळगावच्या कारकुनानं नवंच काढलं. "लेझीम हत्यारात धरायची का वाद्यात? साखळी हाय म्हंता, चकत्या हायत. फौजदारसाहेबांनी डोळ्यानं बघाय पायजे. खेळणाऱ्याला घेऊन या."

आप्पांना सांगितलं तर ते खूश झाले. "बघू दे की. एकदा बघितल्यावर कोन न्हाय म्हनंल?" धुतलेलं धोतर नेसले, पटका बांधला. मी हलगीवाल्यालाही बरोबर घेतला.

कचेरीच्या आवारात दुपारचं ऊन होतं. फरशी तापलेली. फौजदार खुर्ची टाकून व्हरांड्यात बसले. उंच, डोळ्यांखाली काळं झालेला माणूस. रात्रपाळ्यांनी दमलेला दिसत होता. "खेळा," म्हणाले.

आप्पा आणि मी समोरासमोर उभे राहिलो. हलगी सुरू झाली. देवळापुढं खेळताना आजूबाजूला आपली माणसं असतात. इथं शिपाई, पक्षकार, दारातून डोकावणारे कारकून. पाय भाजत होते. पण आप्पांनी पहिला हात टाकला आणि मला दुसरं काही दिसेना. ते वाकले की मी वाकत होतो, ते वळले की मी वळत होतो. दोघांच्या चकत्या एकदम वाजत होत्या, एकाच माणसाच्या हातात असल्यासारख्या. आप्पा इतके छान खेळलेले मी त्याआधी बघितले नव्हते. फौजदारांचा बूट व्हरांड्यावर ताल धरत होता, हे मी स्वतः पाहिलं.

थांबलो तेव्हा आप्पांना धाप लागली होती. ते हसत होते.

"किती माणसं असता तुम्ही?" फौजदारांनी विचारलं.

"गल्लीतले समदे गडी, साहेब."

"आणि सगळे असेच? एका ठेक्यावर?"

"व्हय तर! एकाचा पाय चुकला तर मी खेळूच देत न्हाय," आप्पा अभिमानानं म्हणाले.

फौजदारांनी बूट खुर्चीखाली घेतला. मग उठले. "बाबा, तुमचा खेळ चांगला आहे. पण इतकी माणसं हुकमासरशी एकदम वाकतात, एकदम वळतात, म्हणजे ती कवायत झाली. सध्या कवायतीला बंदी आहे. पालखी जाऊ द्या, लेझीम नको. माझ्या हातात नाही, वरून हुकूम आहेत."

आप्पांना आधी समजलंच नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

परत येताना ते सावकाश चालत होते. नाका जवळ आल्यावर म्हणाले, "जरा वाईट खेळलो असतो तर दिली असती का रं परवानगी?"

"काय सांगावं, आप्पा."

"वाईट खेळायला मला आलं नसतं," ते म्हणाले, आणि पटका सोडून त्याच्या टोकानं तोंड पुसलं.

दसऱ्याला आम्ही पालखीबरोबर रिकाम्या हातांनी चाललो. खडेबाजारात दुकानदार नेहमीसारखे पायऱ्यांवर येऊन उभे होते. बायका माडीच्या खिडक्यांत. "का हो, लेझीम न्हाय औंदा?" जो तो विचारायचा. पहिल्या दोघा-तिघांना आप्पांनी सगळी हकिगत सांगितली. पुढं नुसता हात हलवायला लागले. हात कुठं ठेवावेत हे आमच्यातल्या कुणालाच कळत नव्हतं. कुणी मागं बांधले, कुणी धोतराचा सोगा धरला. कडेनं पोलीस चालत होते, तेही कंटाळलेले.

ऊन कलताना पालखी नाका ओलांडून शहापुरात, आमच्या देवळापुढं आली. हलगीवाला थांबला. इथं कुणाची मनाई नव्हती. पोरं पळत घरी जाऊन लेझिमा घेऊन आली, आमच्या हातांत दिल्या. हलगी वाजायला लागली. आम्ही गोल करून उभे राहिलो आणि आप्पांच्या पहिल्या हाताची वाट बघत राहिलो.

आप्पांनी लेझीम उचलली, थोडा वेळ धरली, मग खाली घेतली. "न्हाय रं," ते म्हणाले. "पाय उचलंनात. तुमी खेळा."

आम्ही थोडा वेळ खेळलो. कुणाचा पाय कुठं पडत होता, कुणाचा कुठं. आप्पा देवळाच्या कट्ट्यावर बसून बघत होते. चुकणाऱ्याला त्यांनी त्या दिवशी हाक मारली नाही.