आवाज उतरवणारे मास्तर

‘विझवू नका गा, वात कमी करा,’ असं म्हणत आमचे बँडमास्तर उजवा तळहात हळूहळू खाली आणायचे, झोपू लागलेल्या लेकराला थोपटावं तसा.

तुम्ही नागपुरात कोणाच्या वरातीत नाचला असाल, तर त्यांना पाहिलंही असेल. तरुणपणी ते कामठीला फौजी बँडमध्ये वाजवत. तिथून एक शब्द घेऊन आले होते, डिमिन्युएंडो. म्हणजे चाल तीच, लय तीच, आवाज तेवढा उतरत जायचा. मी त्यांच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला. आम्हाला तो शब्द धड म्हणता येत नसे, पण हात कळायचा.

दुखवट्याच्या घरासमोर सगळेच बँड थांबतात. मास्तरांना ते पसंत नव्हतं. एकदम थांबलं की सारे वऱ्हाडी माना वळवून त्याच घराकडे बघतात, बिचाऱ्यांनी जावं कुठं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आमचा आवाज बराच आधी उतरू लागे आणि दारापाशी नुसती कुजबुज उरे. नाचणाऱ्यांना पत्ताही लागत नसे.

पुढे त्यांना कमी ऐकू यायला लागलं. आम्ही मागून थट्टा करायचो, तोंडावर कोणी बोललं नाही. मास्तरांना कोण सांगणार?

गेल्या हिवाळ्यात महाल भागातल्या एका गल्लीत, एका घराच्या पायरीवर रडून थकलेली माणसं दिसली. मास्तरांचा हात खाली आला. आम्ही उतरत उतरत अगदी फुंकरीवर आलो. मास्तर रागानं वळले. आम्ही न विचारता थांबलो असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी दोन्ही हात वर फेकले. त्या हातांचं ऐकायची आम्हाला इतकी सवय, की बरोबर त्या दारासमोर झांजा, ढोल, ट्रम्पेट, सगळं एकदम फुटलं.

आतून एक बाई आली. ‘आमचे बाबा सकाळीच गेले, भाऊ,’ एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मास्तरांच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं.

‘तुम्ही वाजवूनच राहिले होते काय?’

‘हो, मास्तर.’

त्यांनी बाईला हात जोडले, टोपी काढून काखेत धरली आणि वरात सोडून निघाले. पुन्हा आले नाहीत. खरी शरम आमची होती, ती त्यांनी एकट्यानं नेली.

परवा कळमन्याच्या बाजारात संत्री घेताना दिसले. माझ्या घरची चौकशी केली, ती अशी की पलीकडचे हमालही काम सोडून बघायला लागले. मास्तर बावरले.

‘मी ओरडून राहिलो काय गा?’

‘नाही, मास्तर,’ मी म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही. मग तेच मला ओरडून सांगावं लागलं.