लुझविमिंदाच्या नऊ पहाटा

नारिन या डोंगराळ, मुसलमान वस्तीच्या गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवणारी लुझविमिंदा मूळची फिलिपिन्सची. तिच्या गावी सप्टेंबरातच दारोदार नाताळाचे चांदणीच्या आकाराचे कंदील लागत. नाताळाआधीचे नऊ दिवस अख्खं गाव पहाटे चारला चर्चमध्ये जमे. नारिनमध्ये तिचं चर्च नव्हतं, आणि पंचवीस डिसेंबरला मुलांची परीक्षा होती.

तरी सोळा तारखेला ती चारला उठली. स्वयंपाकघरात मेणबत्ती लावून प्रार्थना पुटपुटू लागली, तोच घरमालकीण बुरुल आपा दारात उभी.

"रोजा धरलास होय गं? आणि उपाशीपोटी?"

"नाही आपा, मी नुसती..."

"गप बस. उजाडायच्या आत चार घास खा!"

आपाने चहा टाकला, कणकेचे तळलेले बोरसोक आणि साय पुढे सरकवली. एवढ्या मायेपुढे खरं सांगायला लुझची जीभ रेटेना. रोज पहाटे आपा तिच्या आधी उठू लागली आणि लुझ बिचारी संध्याकाळपर्यंत खरोखरच उपाशी राहू लागली. पाचव्या दिवशी फळ्यापुढे तिच्या डोळ्यांसमोर अंधारी आली, तेव्हा घरी येऊन तिने सगळं सांगून टाकलं.

"आमच्यात उपास नसतो, आपा. प्रार्थना झाली की उलट चर्चबाहेर गरम गरम तांदळाचा केक खातात."

"अगं बये! पाच दिवस मी तुला उपाशी मारलं? तोंडाला काय कुलूप लावलं होतंस?" आपा हसता हसता पदराने—नव्हे, डोक्यावरच्या रुमालाने—डोळे पुसू लागली. पण उरलेल्या चारही पहाटांना ती उठलीच. "एकटीने कसला गं देव आळवायचा?"

पंचवीसला लुझ परीक्षा आटोपून आली, तर दारात बुटांची रांग. आपाने गल्लीभर सांगितलं होतं, आज आमच्या बाईंची ईद! बायका येत होत्या, दोन घास खात होत्या.

शेजारची रशियन झिनाईदा फणकारली, "ही कसली घाई? आमच्या चर्चच्या जुन्या पंचांगाने नाताळ सात जानेवारीला असतो!"

"तुझा आगगाडीने येतो, हिचा विमानाने," आपा म्हणाली. झिनाईदासुद्धा हसली. "बरं बाई. सात तारखेला मग माझ्याकडे."

सगळ्यांत म्हाताऱ्या बाईने तळवे पसरून लुझच्या आईबापांसाठी दुवा मागितली. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले, लुझने छातीवर क्रूस काढला. घरापासून लांब आल्यावर ती पहिल्यांदाच रडली, आणि कुणी तिला गप्प केलं नाही.

सात जानेवारीला ती झिनाईदाकडे जेवली. उन्हाळ्यात मायदेशी परतायचं होतं, ते तिने आणखी वर्षभर पुढे ढकललं.