टँकरच्या रांगेतली कादंबरी

परवा एका जुन्या विज्ञान-कादंबरीमालिकेचा तिसरा भाग पुन्हा वाचायला काढला, कितव्यांदा ते आठवत नाही. पिवळ्या पानांचा वास आला आणि मी माजलगावजवळच्या आमच्या गावात, दुष्काळातल्या टँकरच्या रांगेत जाऊन बसले.

तेव्हा मी सोळा वर्षांची होते. सहकारी साखर कारखान्याच्या वाचनालयातून आणलेली हीच कादंबरी रिकाम्या घागरीवर टेकवून वाचत होते. शेजारी शेळ्या राखणारी सखूमावशी होती.

"कावून हसतीस गं एकटीच? मोठ्यानं वाच की."

मी वाचू लागले. गोष्टीतल्या कोरड्या ग्रहावर सरकार माणशी एकच पेला पाणी देई आणि नायिका आपला पेला चोरून तुरुंगातल्या नायकाला पाठवी.

"लई येडी हाय पोरगी," मावशी म्हणाली, "पन जीव हाय तिचा त्याच्यावर."

बायका सरकत जवळ आल्या. शेवटच्या पानावर शिपाई नायकाला दूर घेऊन गेले.

"मंग पुढं?"

चौथा भाग वाचनालयात नव्हता. तेवढ्यात टँकर आला, हॉर्न वाजला, पण कुणी उठेना. मग मीच मनानं दोघांची भेट घडवली, वर त्यांना एक भरलेली विहीरही दिली. बायका खिदळत, डोळे पुसत घागरी घेऊन पळाल्या.

खरा चौथा भाग पुढे कॉलेजात वाचला. त्यात ते दोघं भेटतच नाहीत. लेखकानं एकदा आमच्या रांगेत येऊन बसायला हवं होतं.