तांब्याचा पत्रा

तिसरी पाळी उरकून येऊन पडलोय. सकाळचे नऊ. डोळ्यांवर ओला पंचा, उशीखाली कंपनीचा कागद. त्यावर चार वाजायच्या आत सही करून द्यायचीय. शेजारी कुकर शिट्ट्या देतोय. तिसरी शिट्टी कुकरची असते, चौथी कारखान्याच्या भोंग्याची.

मी गेटात उभा आहे. माझ्यापुढं सुगंधाक्का चाललीय, साडीवर खाकी कोट, उजवा खांदा जरा पडलेला. तिला जाऊन बारा दिवस झाले. आम्ही स्वस्तातली क्षेपणास्त्रं आणि बिनमाणसाची विमानं बनवतो. अक्का रॉकेटची दारू पिठासारखी चाळायची. त्या खोलीत भडका झाला आणि अक्का गेली.

"काय रे दिगू, दिवसाढवळ्या झोपायलास?"

"रातपाळी होती, अक्का."

"मला बी हुती."

कँटीनच्या दारातून आत जातो, तर आत आठवड्याचा बाजार भरलाय. ताडपत्रीवर क्षेपणास्त्रांचे ढीग. मॅनेजर कुलथे साहेब उकिडवे बसून ओरडतायत, "घ्या, घ्या! जगात स्वस्त! घर पाडा, शाळा पाडा, परवडतंय!" टायवाले परदेशी पाहुणे एकेक उचलतात आणि भेंडीसारखा शेंडा मोडून बघतात, कोवळं आहे का. आवडलं की हसतात. आमच्याकडं जत्रेत बोकड विकणारासुद्धा गिऱ्हाईकाला बोकडाच्या डोळ्यात बघू देतो. इथं कुणाच्या डोळ्यात बघायची सोयच ठेवलेली नाही.

अक्का एक उचलून हुंगते. "कुनाच्या घरावर पडायचं रे हे?"

"ते आपल्याला सांगत नाहीत."

"आनि तू इचारलं न्हाईस."

"तुम्ही तरी कुठं विचारलं?"

"माझं ध्यान चाळनीत." ती तोंडाला पदर लावून हसते. "बिनमानसाचं इमान म्हनं! मग चाळनीवर आमी कोन हुतो, भुतं? आता हाय म्हना."

ताडपत्री संपते तिथं चाळणखोलीचं दार आहे. भिंत काळी पडलीय आणि बाहेरच्या बाजूला तांब्याचा पत्रा तेवढा लखलखतोय. आत जाणाऱ्यानं त्यावर तळहात ठेवायचा, म्हणजे अंगातली वीज जमिनीत जाते आणि ठिणगी पडत नाही. नियम एवढाच. पण बाया हात पत्र्याला लावून मग कपाळाला लावायच्या, देवळाच्या उंबऱ्यासारखा. तेव्हा हातांच्या घामानं पत्रा काळवंडलेला असायचा.

"त्या दिशी मी हात लावला का न्हाई?" अक्का विचारते.

मी पत्र्यावरून नजर काढतो.

"तू समोर हुतास. लावला का न्हाई, एवढंच सांग."

कागद उशीखालून इथं आलाय, माझ्या हातात आहे. त्यावर लिहिलंय, 'सुगंधा ही पत्र्यास हात न लावता आत गेली, हे मी डोळ्यांनी पाहिले.' खाली माझं नाव छापलेलं, सहीची जागा कोरी.

"लावला," मी म्हणतो. "कपाळालाही लावला."

"मग भडका का रं झाला?"

माझ्या जिभेला चिंचेची चव येते. परदेशी पाहुणे कारखाना बघायला यायच्या आदल्या दिवशी कुलथे साहेब म्हणाले होते, "तो पत्रा कळकट दिसतो. चमकव, आणि चमक टिकली पाहिजे." मी चिंच-मिठानं घासला. चमक टिकावी म्हणून वरून बिनरंगी वॉर्निशचे दोन हात मारले. साहेबांनी पाठ थोपटली. वॉर्निशमधून वीज जात नाही हे त्यांनी इंजिनिअर असून सांगितलं नाही. आणि मला आठ वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नाही, की पत्रा उघडा का ठेवतात.

"मी रंगवला, अक्का. तुम्ही हात लावला तो वॉर्निशला."

आता ती रडेल, शिव्या देईल, असं वाटतं. ती नुसती पत्र्याकडं बघत राहते.

"म्हंजी मी इसरले नव्हते."

"नाही."

"पोरगी इचारती सगळ्यास्नी, आई इसरली का म्हनून." ती माझं मनगट पकडते. हात गार आहे, चाळणीच्या कडीसारखा. "खरवड."

मी नखानं खरवडतो. वॉर्निशचा पापुद्रा सुटतो. मागं बाजारात कुलथे साहेब ओरडतायत, "ए, मालाला हात लावू नको!" पापुद्र्याखालून तांबं दिसतं, लाल. अक्का त्यावर तळहात ठेवते, मग कपाळाला लावते आणि आत जाते.

मी उठून बसतो. कुकर गप्प झालाय, पंचा वाळलाय. साडेअकरा. बायको दारातून विचारते, "सही केली का? कंपनीचा शिपाई येऊन गेला."

उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नखात काहीतरी ठसठसतंय. सुईनं काढतो. काचेसारखा पातळ पापुद्रा, वॉर्निशचा. एका बाजूला तांब्याची लाली लागलीय.

तो हरवू नये म्हणून ठेवायला काही शोधतो. हाताशी एकच कागद आहे. पापुद्रा मधोमध ठेवतो, माझ्या छापलेल्या नावावर. चारी कडा दुमडून अंगाऱ्याची बांधतात तशी पुडी बांधतो आणि चपला घालतो.

"कंपनीत निघालात?" बायको विचारते.

"नाही. अक्काच्या पोरीकडं."